टप्पा धरून

नदीनं देवीला अकरा दिवस पाण्यात ठेवलं आणि बाराव्या दिवशी सोडलं. जाताना सभामंडपात कमरेइतका गाळ ठेवून गेली.

देऊळ खाली, अगदी पाण्याला लागून. वस्ती आणि रस्ता वर, कड्यावर. मध्ये दगडी पायऱ्यांचे तीन उतार, आणि दोन उतारांच्या मध्ये दम खायला एकेक रुंद टप्पा. देऊळ किती जुनं ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. रस्त्यावरच्या फलकावर एक शतक लिहिलंय, पुजारीबुवा त्याच्याही मागे तीनशे वर्षं जातात, आणि देवी काही या वादात पडत नाही. लांबलांबची माणसं दर्शनाला येतात. धडधाकट असतात ती चालत उतरतात. गुडघे गेलेली, दम्याची, अंगानं सुटलेली डोलीत बसतात. डोली म्हणजे दोन लांब दांड्यांना बांधलेली वेताची खुर्ची. पुढे एक माणूस, मागे एक माणूस, आणि खुर्चीत जो बसेल त्याचं नशीब.

पाढ्या हा पुढचा माणूस. त्याचं खरं नाव कड्यावरच्या डोल्यांच्या तळावर कुणी घेत नसे. तोंडातल्या तोंडात पायऱ्या मोजत उतरायची त्याची सवय, म्हणून पाढ्या. मागे त्याचा सख्खा भाऊ, धाकटा. पाढ्याचं लग्न झालं तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता आणि घरात आई नव्हती. पुढे पाढ्याच्या बायकोला स्वतःचं मूल झालं नाही, त्यामुळे तिचा सगळा जीव या दिरातच अडकला. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून सगळा तळ वहिनी म्हणायचा. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले बाप्येसुद्धा.

पूर ओसरला तशा बायका गाळ काढायला लावल्या. बाप्ये फावड्यानं पाट्या भरायचे आणि बायका त्या डोक्यावर घेऊन खालच्या टप्प्यापर्यंत चढून कडेला रिकाम्या करायच्या. ओल्या गाळाची पाटी म्हणजे मान आत जाते. पहिल्या दिवशी वहिनीला वाटलं, जमेल. तिसऱ्या दिवशी तिची चुंबळ भिजून डोक्याला चिकटली ती सोडवताना केस आले. पायांची कातडी पांढरी पडून सोलायला लागली, बोटांच्या बेचक्यांत गाळ शिरून तिथं चिरा पडल्या. गाभाऱ्याची फरशी पाण्यानं उखडली होती, म्हणून देवीला उचलून डाव्या हाताच्या ओवरीत ठेवलं होतं. वहिनी पहिली पाटी उचलायच्या आधी रोज तिकडे वळून हात जोडायची आणि कामाला लागायची. मागायचं असं तिच्याकडे एकच होतं, आणि ते मोठ्यानं मागता येण्यासारखं नव्हतं.

पाढ्याचे डोळे चालले होते.

काचबिंदू, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वर्षापूर्वी. बाजूचं आधी जातं, समोरचं राहतं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवायला थेंब घाला. पाढ्या थेंब घालत होता, तरी समोरचं दिसणं गाडग्याच्या तोंडाएवढं झालं, मग वाटीएवढं. समोर माणूस उभा राहिला तर त्याचं तोंड दिसे, तेही धुकट. स्वतःचे पाय मान खाली घातल्याशिवाय दिसत नसत, आणि डोली खांद्यावर असताना मान खाली घालता येत नाही. पण बावीस वर्षांत त्याला डोळ्यांची गरज पडली होती कुठे? पहिला उतार एकसष्ट. मधला अठ्ठेचाळीस. खालचा सत्त्याहत्तर. कुठली पायरी तिरकी, कुठल्या पायरीचा कोपरा गेलाय, सगळं पायांना पाठ. मागच्याला खुर्चीच्या पाठीमुळे काहीच दिसत नाही, तो पुढच्याच्या हाकेवर चालतो. "तिरकी", "फुटकी", "टप्पा". पाढ्या हाक द्यायचा आणि ती कधी चुकली नव्हती. घरात हे दोघांनाच ठाऊक होतं, नवऱ्याला आणि बायकोला. धाकट्याला सांगायचं नाही असं पाढ्यानं बजावलं होतं.

"त्याला कळलं तर तो माझ्यामागे उभा राहील का?"

"राहील," वहिनी म्हणाली होती. "तुमचाच भाऊ आहे."

"म्हणून तर सांगायचं नाही."

पुरानं त्याचं पाठांतर बिघडवलं. खालचा उतार मूळ खडकात कोरलेला, त्याला पाणी काय करणार. वरच्यापर्यंत पाणी पोचलंच नाही. पण मधला उतार बसवलेल्या दगडांचा होता आणि तो निम्मा वाहून गेला. कंत्राटदारानं पंधरा दिवसांत तो नव्यानं बांधला. नवे दगड उंचीला कमी, म्हणून संख्येला जास्त. आणि त्यातच देवस्थानाच्या कमिटीनं जाहीर केलं, की आता अठरा डोल्या नकोत, दहा पुरेत. कुणाचा परवान्याचा बिल्ला ठेवायचा आणि कुणाचा काढून घ्यायचा ते डोल्यांचा मुकादम प्रत्येक जोडीला खाली उतरवून ठरवणार. खरा माणूस खुर्चीत बसवून, न थांबता, न चाचपडता.

वहिनीनं हे ऐकलं तेव्हा ती चुलीपुढे होती. पाढ्या कोपऱ्यात बसून डोलीचा वेत विणत होता. ते काम तो बोटांनी करायचा, डोळ्यांनी नाही, आणि आधीपेक्षा चांगलं करायचा.

"मधल्याच्या किती झाल्या?" त्यानं विचारलं.

"बघून सांगते."

"बघून नको. मोजून सांग."

"तेच ते."

"तेच नाही," पाढ्या म्हणाला आणि वेताची पुढची गाठ ओढली.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत ती निघाली. गवंडी यायचे होते, मजूर बायका यायच्या होत्या. खालच्या टप्प्यावर उभं राहून तिनं पाठीशी नदी घेतली आणि चढायला सुरुवात केली. नवे दगड अजून ताज्या चुऱ्याच्या वासाचे होते, कडा धारदार. प्रत्येक दगडावर पाय ठेवायचा आणि बोटाच्या पेरावर अंगठा सरकवायचा. वर पोचली. बावन्न. विश्वास बसेना म्हणून उतरली, मोजत. बावन्न. परत चढली, आणि आता धाप लागून घसा कोरडा पडला होता. बावन्नच. वरच्या टप्प्यावर ती मटकन बसली आणि तिला बरं वाटलं. इतके दिवस नवऱ्याच्या डोळ्यांपुढे तिला नुसतं हात बांधून उभं राहावं लागलं होतं. आज काहीतरी हाताला लागलं होतं.

"बावन्न," तिनं घरी येऊन सांगितलं. "तीनदा मोजल्या."

"बावन्न," पाढ्या म्हणाला. मग दिवसभर ते तोंडात घोळवत राहिला.

बिल्ल्याच्या दिवशी ऊन चांगलंच पडलं होतं. वर तळावर पत्र्याच्या शेडखाली अठरा डोल्या ओळीनं ठेवलेल्या. देऊळ महिन्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा उघडत होतं, त्यामुळे माणसंही बरीच आली होती. मुकादम जाडजूड माणूस, स्वतः कधी डोली न उचललेला, पण दुसऱ्यानं कशी उचलावी यावर तासभर बोलू शकणारा. पाढ्याच्या वाट्याला एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. वजनदार बाई, मांडीवर फुलांची परडी, काखेत छत्री.

"किती वर्षं करताय हे काम?"

"बावीस, बाई."

"मग पाडणार नाही ना मला?"

"अजून कुणाला पाडलं नाही."

"मग माझ्यापासून सुरुवात नको म्हणजे झालं," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

धाकट्यानं खांद्यावर पोत्याची घडी नीट केली. "दादा, उचलू?" "उचल." दांडे खांद्यावर चढले, वेत करकरला, आणि ते निघाले. मुकादम बाजूनं उतरत होता, हात मागे बांधून. त्याच्यामागे लंब्या, दुसऱ्या एका डोलीचा पुढचा माणूस. मुकादमाच्या यादीत लंब्याची जोडी अकरावी होती. दहातली एक गळली तरच त्याचा बिल्ला राहणार होता.

पहिला उतार पाण्यासारखा गेला. एकसष्टाला पाढ्यानं "टप्पा" म्हटलं, दोघं सपाटीवर आले, चार पावलं टाकली आणि मधला उतार लागला. वहिनी खालच्या टप्प्यावर कडेला रिकामी पाटी घेऊन उभी होती. तिला नवऱ्याचे ओठ हलताना दिसत होते. एरवी अनोळखी जागी तो पावलानं हळूच कडा चाचपायचा, आज मुकादम बघतोय म्हणून पाऊल थेट पडत होतं. बावन्न हा आकडा त्याच्याकडे होता, मग भ्यायचं कशाला. तिनं मनात त्याच्याबरोबर मोजायला सुरुवात केली. एकोणपन्नास. पन्नास. एक्कावन्न.

"टप्पा!" पाढ्यानं हाक दिली, आणि सपाटीवर टाकतात तसं लांब पाऊल टाकलं.

तिथं सपाटी नव्हती. अजून एक उतरण होती. पाढ्याचा पाय हवेत गेला आणि तो पुढे कोसळला. दांडे खाली गेले, खुर्ची कलली, परडीतली फुलं आधी गेली आणि मागोमाग बाई घसरायला लागल्या. डोली सोडायची नाही, जीव गेला तरी दांडा सोडायचा नाही, हे धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. धाकट्यानं सोडला नाही. मागचे दांडे छातीशी ओढून तो सगळ्या वजनासकट खाली बसला. उजवा पाय मुडपला आणि खुर्ची नडगीवर आली. सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला नाही की काही नाही. नुसता एक बारीक ठक्. मग धाकट्याचं ओरडणं.

बाईंचं कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही. त्या फरशीवर बसून "पोराला बघा, मला काय बघताय" असं ओरडत होत्या. पाढ्या रांगत भावाकडे जात होता, आणि मुकादमाच्या पायांना धडकला.

सरकारी दवाखान्यात मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. तीन महिने पडून राहायचं, आणि नंतर चालशील, पण ओझं नाही, असं डॉक्टर म्हणाले. धाकट्यानं विचारलं, "ओझं म्हणजे किती?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. ते पुढच्या खाटेकडे गेले.

घरी आणल्यावर दुपारी पाढ्या तळावर गेला, मुकादमानं बोलावलं होतं. वहिनी धाकट्याच्या उशाशी बसून त्याच्या प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं पुसत होती. नखांत अजून नव्या दगडांचा चुरा होता.

"वहिनी, किती सांगितल्या होत्यास त्याला?"

तिचा हात थांबला. "काय किती?"

"मधल्याच्या पायऱ्या."

"भाऊजी, तुम्हाला…"

"सहा महिन्यांपासून. दांडा सांगतो ना. पूर्वी दादाचं पाऊल पडलं की पडलं. आता कडेला आलं की जरा थबकतं, मग उतरतं. ते थबकणं इथं येतं." त्यानं खांद्याला हात लावला. तिथं घट्टा होता, तळहाताएवढा. "तो सांगेल म्हणून वाट बघत होतो. नाही सांगितलं, तर मीही नाही विचारलं. किती सांगितल्यास?"

"बावन्न. तीनदा मोजल्या मी. देवाशपथ तीनदा."

धाकटा आढ्याकडे बघत राहिला. "टप्पा धरून?"

तिला आधी कळलंच नाही. आणि मग कळलं. तिनं दगड मोजले होते. ज्यावर पाय दिला तो प्रत्येक दगड. टप्पा म्हणजे काही पायरी नव्हे, तिथं बाई पाटी उतरवते, घाम पुसते. पण डोलीवाला उतरणी मोजतो. शेवटच्या दगडावरून टप्प्यावर येतो तीही उतरणच, ती तो धरतो. बावीस वर्षं या घरात ती संख्या ऐकत होती, आणि तिनं कधी विचारलं नव्हतं की ती मोजतात कशी. त्यानंही सांगितलं नव्हतं, कारण टप्पा सोडून मोजणारं कुणी असेल हे त्याच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

तिनं पदर तोंडात कोंबला. रडण्याचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून नव्हे, ओरडू नये म्हणून.

"रडू नकोस. दादाला सांगू नकोस. त्याला वाटू दे की त्याचंच चुकलं."

"का?"

"त्याचं चुकलं तर तो मला तोंड दाखवेल कसंबसं. तुझं चुकलं म्हटलं तर तुम्हा दोघांना एकमेकांचं तोंड बघून दिवस काढायचेत. मला तर इथंच पडून ते बघायचंय." तो हसायला गेला आणि पाय हलला, तसा त्यानं ओठ चावला.

पाढ्या संध्याकाळच्या आत परत आला. उंबऱ्याला अडखळला. आजवर घरात कधी अडखळला नव्हता.

"मुकादम म्हणतो, कुणाच्या चुकीनं पडलात ते सांगा. लंब्या म्हणाला, माझी काही दुश्मनी नाही, पण पाढ्याला दिसत नाही."

"दुश्मनी नसणारे असंच सांगतात," धाकटा म्हणाला.

"मुकादमानं समोर बोटं धरली. किती म्हणाला. मी सांगितली बरोबर. समोरचं दिसतं ना मला अजून."

"मग?"

"मग काही नाही. उद्या सांग म्हणाला."

धाकट्यानं भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाला, "सांग, माझा पाय घसरला. मी मागून ढकललं, म्हणून तू पडलास."

"वेडा आहेस का?"

"माझा बिल्ला गेलाच आहे. पाय गेला, बिल्ला गेला. तुझा तरी राहू दे. नवा माणूस घे मागे, आणि या खेपेला त्याला खरं सांग. घरात तीन तोंडं आहेत, दादा. एकाचे हात चालले पाहिजेत, एकाचे पाय चालले पाहिजेत."

"आणि डोळे?"

"वहिनीचे आहेत की," धाकटा म्हणाला.

वहिनी उठून बाहेर गेली.

सकाळी तळावर पाढ्यानं ते सांगितलं. सांगताना त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. लंब्या म्हणाला, "मी मागेच होतो. पुढचा आधी पडला." दुसरा एक म्हणाला, भाऊ भावावर ढकलेल का उगाच? तिसरा म्हणाला, बिल्ल्यासाठी माणूस बापावर ढकलेल. शेवटी मुकादमाला ऊन लागायला लागलं. त्यानं रुमालानं मान पुसली.

"हे बघ पाढ्या. मी काही कोर्ट नाही. खाली चल. देवीच्या पायावर हात ठेवून सांग. तिथं सांगितलंस तर मी मानलं, लंब्यानंही मानलं. काय रे?"

लंब्यानं मान हलवली. ज्याला देवीपुढे खोटं बोलवतं त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, असं त्याला वाटलं असावं. किंवा पाढ्याला ते बोलवणार नाही, असं.

सगळे उतरले. पाढ्या एकटा, हात मोकळे, पावलागणिक कड चाचपत. आता चाचपलं तरी कुणी काही म्हणत नव्हतं. भावाचा पाय मोडलाय, माणूस जपूनच उतरणार. वहिनी मागे होती.

डोलीवाले देवळात जात नाहीत. बंदी कुणाची नाही. पण माणूस दर्शनाला आत गेला की त्याच्या चपला, छत्री, पिशवी खुर्चीवर असते, ती सोडून जायचं कसं? आणि दर्शन घेऊन तो कधी बाहेर येईल त्याचा नेम नाही. बावीस वर्षांत पाढ्यानं हजारो माणसं देवीच्या दारात उतरवली. स्वतः शेवटचा आत गेला तो लग्नानंतर पाया पडायला. पण जागा आठवत होती. दारातून सरळ, सभामंडप, मग खाली दोन पायऱ्या, मग गाभारा. समोर देवी, समोर दिवा.

दारात त्यानं कपाळाला हात लावला. आत गारवा होता, ओल्या भिंतींचा वास, आणि डावीकडे बरीच माणसं कुजबुजत होती.

मुकादम डाव्या ओवरीकडे वळला. पुजारीबुवा तिथंच होते. लंब्या, बाकीचे डोलीवाले, दर्शनाला आलेली चारदोन माणसं, सगळे ओवरीकडे तोंड करून उभे राहिले. तिथं चौरंगावर देवी होती, नव्या वस्त्रात, वर विजेचा बल्ब. मुकादम म्हणाला, "जा. पायाला हात लाव आणि बोल."

पाढ्यानं समोर बघितलं. वाटीएवढ्या त्याच्या नजरेत लांब एक दिवा होता. गाभाऱ्यात अंधार राहू नये म्हणून पुजारीबुवांनी रिकाम्या जागेपाशी समई तेवत ठेवली होती. पाढ्या त्या दिव्याकडे सरळ चालू लागला.

वहिनी एक पाऊल पुढे झाली आणि थांबली. तिनं त्याला मधल्या उताराचे दगड सांगितले होते. कुठं ओल धरलीय, कुठं कठड्याचा लोखंडी गज वर आलाय, सगळं सांगितलं होतं. देवी हलवल्याचं सांगितलं नव्हतं. रोज तिकडे वळून हात जोडत होती, आणि घरी येऊन हे सांगायला हवं असं तिला एकदाही सुचलं नव्हतं. डोळे असलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. आता "डावीकडे" म्हणून हाक मारावी तर सगळ्यांना कळणार. न मारावी तर सगळ्यांना दिसणारच. तिनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

पाढ्या दोन पायऱ्या बरोबर उतरला. बावीस वर्षांनंतरही बरोबर. गवंडी कोपऱ्यात थापी घेऊन बसला होता, त्यानं नुकताच देवीच्या बैठकीवर चुना ओढून सारखा केला होता. तो "अरे" म्हणेपर्यंत पाढ्या गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हात पुढे करून त्यानं देवीचे पाय शोधले. हात मनगटापर्यंत गार, मऊ गोळ्यात गेले. त्याला वाटलं, उटणं असेल, गंध असेल. देवीला काय काय लावतात ते त्याला कुठे ठाऊक होतं.

"आई," तो म्हणाला, आणि गाभाऱ्यात आवाज मोठा झाला. "माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत. पडलो ते मागच्याचा पाय घसरला म्हणून. यात खोटं असेल तर तू बघून घे."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. लंब्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. मुकादमानं खाकरल्यासारखं केलं आणि खाकरला नाही. शेवटी पुजारीबुवा हलक्या आवाजात म्हणाले, "अरे बाबा, देवी इकडे आहे."

पाढ्या हलला नाही. गवंड्यानं जवळ येऊन त्याची मनगटं धरली. "काढा हात. चुना आहे, भाजेल." त्यानं हात वर ओढले, तशी बैठकीवर दोन पंज्यांची खोल भोकं राहिली. गवंडी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग थापी उचलली.

वहिनीनं त्याला नदीवर नेलं. शेवटच्या पायरीवर बसवून तिनं त्याचे हात पाण्यात धरले, नखांतून, रेषांतून चुना काढला. पाणी पांढरं होऊन वाहत होतं. तो हात देऊन लहान मुलासारखा बसला होता. मुकादम मागे येऊन उभा राहिला. पाढ्यानं ते पावलांवरून ओळखलं आणि सदऱ्यावरचा बिल्ला काढायला गेला. बोटं ओली, पिन सापडेना. दोनदा टोचली. शेवटी मुकादमानंच वाकून ती काढली.

"तुझ्यावर माझा राग नाही पाढ्या," मुकादम म्हणाला.

"नाही ना," पाढ्या म्हणाला.

बिल्ला खिशात टाकून मुकादम गेला. वर लंब्याला बोलावल्याची हाक ऐकू आली. लंब्याला यायला वेळ लागला, पण तो आला.

दोघं चढायला लागली. खालचा उतार पाढ्या कुणाचा हात न धरता चढला. तो खडकातला, त्याच्या पायांचा होता. सत्त्याहत्तराला तो आपोआप थांबला. पायाखाली टप्पा, आणि टप्प्यापलीकडे नवे दगड. कडेला फुलं पडली होती, कालची, ऊन लागून काळी पडलेली.

"इथून किती?" त्यानं विचारलं.

वहिनी त्याच्या पुढे उभी होती. खाली नदी होती, वर ऊन होतं. धाकट्यानं सांगू नकोस म्हटलं होतं.

"त्रेपन्न," ती म्हणाली.

त्यानं हात पुढे केला, तिचा खांदा चाचपला, आणि त्यावर हात ठेवला. हात अजून ओला होता.

"टप्पा धरून?"

"धरून."

"बरं," पाढ्या म्हणाला. "चल."

आणि त्यानं पहिल्या पायरीसाठी पाय उचलला.